सोमवारी भरलेला आठवडा

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा गिरणीत होते तेव्हा गेटवर वाटली जाणारी पिवळी, गुलाबी पत्रकं ते घडी करून खिशातून आणत आणि आई ती सरळ व्हावीत म्हणून गादीखाली ठेवी. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर माझी बाराखडी झाली, पाढे झाले, पहिले निबंध झाले. कागद इतका पातळ की सात सक बेचाळीसच्या मागून उलटी अक्षरं डोकावत: एकजूट, लढा, विजय. मी वाचायला शिकले ती त्या अक्षरांवर. वाक्य म्हणजे आवळलेली मूठ, अशी माझी समजूत होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

पत्रकात सगळं झालेलं असायचं. मालक हादरला. कामगार जागा झाला. गिरणी कायमची बंद पडली त्या वर्षीच्या पत्रकांतसुद्धा आम्ही जिंकलेलेच होतो. मी ती पत्रकं खरी मानली. बाबांनी मानली की नाही ते मी कधी विचारलं नाही.

गिरणीनंतर परळची खोली सुटली आणि आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहायला आलो. गावाकडच्या ओळखीने बाबांना साकीनाक्याच्या एका गाळ्यात हेल्परचं काम मिळालं. आठ पॉवर प्रेस, त्यावर डब्यांची पत्र्याची झाकणं निघत. दोन वर्षांनी तिथला शिफ्ट इन्चार्ज काम सोडून गेला आणि मॅनेजर बाबांना म्हणाला, "मामा, तुम्हीच बघा आता. सहा महिने बघू, जमलं तर पर्मनंट. फक्त रजिस्टर इंग्लिशमध्ये भरायचं, तेवढं शिकून घ्या."

रजिस्टर म्हणजे असं: रोज सकाळी मशीन चालू करण्याआधी प्रत्येक प्रेसची जाळी, क्लच, तेल बघायचं आणि प्रत्येक प्रेसपुढे एक ओळ लिहायची. जाळी म्हणजे प्रेस खाली येताना हात आत राहू नये म्हणून पुढे लावलेला पिंजरा. काम एवढंच. पण बाबांची हेल्परची जागा त्याच दिवशी दुसऱ्याला दिली गेली. म्हणजे सहा महिन्यांनी पर्मनंट, नाहीतर रस्ता. बाबा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये सत्तेचाळीसच्या माणसाला नव्याने कोणी उभं करत नव्हतं.

मी पार्ल्याच्या कॉलेजात बारावीला होते. बाबांनी मला शिकवायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "आपण का शिकायची त्यांची भाषा? त्यांनी शिकावी ना आपली."

"तसा पत्रक काढ," बाबा म्हणाले. "तवसर माका शिकव."

खरी गोष्ट अशी की मला येत नव्हतं. मराठी शाळेतली मी. नुकत्याच झालेल्या गोष्टीला कधी नुसता भूतकाळ लावायचा आणि कधी त्याच्याआधी 'हॅव' लावायचं, हे मला कधीच उमगलं नव्हतं. भाजीत मीठ टाकावं तसं मी अंदाजाने हॅव टाकत असे. आणि रजिस्टरात तर सगळं नुकतंच झालेलं. तेल घातलं, जाळी बसवली, क्लच बघितला. माझं तत्त्व आणि माझं अज्ञान यांनी एकमेकांना छान सांभाळून घेतलं होतं.

आईने हे तिच्या बाईंना सांगितलं. आई पार्ल्यात एका घरी पोळ्या करायला जायची. त्या घरात एकट्या राहणाऱ्या बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, खडू तर सोडाच, पेनही धरवत नव्हतं. त्या आईला म्हणाल्या, "रविवारी घेऊन ये त्यांना. आणि मुलगी फार बोलते म्हणतेस ना, तिलाही आण."

मी गेले ती भांडायच्या तयारीने. जिथे माझी आई पोळ्या लाटते तिथे माझ्या बापाने खुर्चीत बसून विद्या घ्यायची, यावर माझ्या डोक्यात एक पत्रक जवळजवळ तयार होतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात दोन पेनं लावून आले होते. बाईंनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलंच नाही, सरळ स्वयंपाकघरात नेलं. "बोलायला इथे बरं," त्या म्हणाल्या. "इथे गोष्टी घडतात."

मग त्यांनी बाबांना खिडकी लावायला सांगितली. बाबांनी उठून लावली.

"आता म्हणा. आय हॅव क्लोज्ड द विंडो."

बाबांनी म्हटलं. बाई उठल्या, वाकड्या बोटांनी कडी काढली आणि खिडकी पुन्हा सताड उघडली.

"आता म्हणा बघू तेच."

बाबांनी खिडकीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. "आता कसं म्हणू? उघडी आहे ती."

"पण तुम्ही लावली होती ना? खोटं थोडंच आहे?"

"लावली होती. पण आता लावलेली नाही."

"झालं तर मग. आता हॅव नाही. आता नुसतं, आय क्लोज्ड द विंडो."

बाबांनी उघड्या कडीला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे मी केलेलं काम गेलं?"

"काम नाही गेलं," बाई म्हणाल्या. "त्यातलं जे मागे उरलं होतं, ते गेलं. मागे काही उरलंय तोवर हॅव. तुमच्या हाताला लागतंय, डोळ्याला दिसतंय, तोवर."

मला ती खोली आठवते. ओट्यावर आईने झाकून ठेवलेल्या पोळ्या, खिडकीतून येणारा बिस्किटांच्या भट्टीचा गोड वास, आणि बाबांचा चेहरा. गिरणीत नवा माग आला तेव्हा ते अशाच चेहऱ्याने घरी आले होते, असं आई नंतर म्हणाली. मी भांडायला आले होते आणि विसरून गेले. इतकी वर्षं जे मी मिठासारखं टाकत होते, त्याच्या आत एवढी जागा होती. झालेल्या गोष्टींसाठी एका भाषेने दोन खोल्या ठेवल्या होत्या. एकीत गेलेलं, दुसरीत झालेलं पण अजून न गेलेलं. आणि कुठली गोष्ट कुठे ठेवायची हे बोलणाऱ्याने प्रत्येक वेळी, तोंड उघडताना ठरवायचं.

बाईंनी चहा केला. आय हॅव मेड टी. बाबांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "बाई, पण हा गार झाला तर?"

बाई थांबल्या. खरंच विचारात पडल्या. "इतकी वर्षं शिकवलं, हे कोणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "गार झाला तरी चहा आहेच. हॅव."

"आणि प्यायलो तर?"

"तर मग मेड. आणि एक लक्षात ठेवा. किती वाजता केला ते सांगितलंत, की हॅव राहत नाही. आय मेड टी ॲट फोर."

"म्हणजे घड्याळ दाखवलं की पळतो," बाबा म्हणाले. "भुतासारखा."

बाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मग म्हणाल्या, "हे बघा, पुस्तकात याहून पुष्कळ आहे. हा माझा आपला अंदाज आहे, मुलांना कळावं म्हणून केलेला. नियम नाही हो."

हे शेवटचं बाबांनी ऐकलंच नाही. त्यांनी तो नियमच धरला. आणि नुसता भाषेचा नाही. परतताना अंधेरीच्या बसस्टॉपवर ते मला म्हणाले, "बघ बाय, केवढा मोठा काम हा. हॅव लिवायचा तर आधी जाऊन हात लावन बघूक होया. हापिसातली माणसां एवढा लिवतत, सगळ्याक हात लावन येत असतली."

मी हसले नाही. हसायला हवं होतं, कारण ऑफिसातली माणसं काय बघून लिहितात ते गिरणीच्या नोटिसा वाचून मला ठाऊक होतं. पण तो माणूस इतक्या आदराने बोलत होता की मला त्याचं चूक सांगवेना. आपल्या घरात तर न झालेलंसुद्धा झालेलं असतं. आई ओट्यापाशी उभी राहून हाकेला "इलंय, इलंयच" म्हणजे आलेच, असं म्हणते आणि पंधरा मिनिटं हलत नाही. त्यात कोणाला काही खोटं वाटत नाही. बाबांना मात्र त्या रविवारी वाटलं की एक भाषा अशीही आहे जी हात लावल्याशिवाय बोलताच येत नाही.

घरात वाट लागली. बाबा रोज संध्याकाळी दारात चपला काढताना "इलंय गो" म्हणत. आता ते उंबऱ्याच्या आत दोन्ही पाय ठेवीपर्यंत गप्प राहत, आणि मग म्हणत, "आय हॅव कम." आई म्हणे, "दिसताहा माका." आईने भात झाला म्हटलं की ते झाकण उचलून बघत. एकदा तिने डाव वर केला. "भात झालो म्हणान सांगितलंय ना? आता काय त्येकाव हात लावन बघतलात?"

"लावतंय," बाबा म्हणाले आणि एक शीत उचलून बोटांत दाबलं. "हॅज बीन कुक्ड."

गाळ्यातली रीत वेगळी होती. जुना इन्चार्ज सोमवारी सकाळी चहा पिता पिता सगळा आठवडा भरून टाकायचा. सोमवार ते शनिवार, आठही प्रेस, ओके, ओके, ओके. एकाच पेनाने, एका बैठकीत. त्याला ते 'आठवडा भरणं' म्हणत. त्यात लपवण्यासारखं कोणाला काही वाटत नव्हतं. मशीन रोज तीच, जाळ्या त्याच, मग सहा वेळा उठबस कशाला? मॅनेजरने बाबांना रजिस्टर देताना जुनी पानं उघडून दाखवली होती, "हे असं सुंदर पाहिजे, मामा."

बाबा पावणेसातला जाऊन एकेका प्रेसला हात लावत आणि मग लिहीत. लोक हसत. त्यांना 'मास्तर' नाव पडलं. ते नाव त्यांनी घरी हसत सांगितलं, आणि मला ते आवडलं.

सहावा महिना लागला तेव्हा बातमी आली की गुरुवारी सरकारी इन्स्पेक्टर येणार. सोमवारी मॅनेजरने बाबांना टेबलाशी बोलावलं. त्या दिवशी जे झालं ते बाबांनी रात्रीच्या जेवणाआधी आम्हाला सांगितलं, तसंच लिहिते.

चार नंबरच्या प्रेसला जाळी नव्हती. ती कितीतरी दिवस मागच्या फळीवर पडून होती, आणि बाबा रोज त्या ओळीत तसं लिहीत होते. मॅनेजरने रजिस्टर पहिल्यांदाच नीट उघडलं होतं.

"मामा, हे काय लिहून ठेवलंय? नॉट फिटेड, नॉट फिटेड. वाट लावणार काय आमची?"

"नाही बसवलेली, साहेब."

"बुधवारी बसवतो ना. बसवलीच समजा. नवीन पान घ्या, आठवडा भरून टाका. जुनी पानं मी बघतो."

"बसवल्यावर लिहितो."

"अरे यार मामा," मॅनेजर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने बाबांसाठी चहा मागवला होता. "महिनाअखेर तुमचा कागद काढायचाय मला. शेटला काय सांगू? एक ओळ लिहायला सांगितली तर मामा नाही म्हणतात?"

बाबांनी चहा घेतला आणि रजिस्टर आपल्या जागी नेऊन ठेवलं. सोमवारी फक्त सोमवारच्या ओळी लिहिल्या. चार नंबर: गार्ड हॅज नॉट बीन फिटेड.

आईने ताटं मांडली आणि वाढायचं विसरली. "एका जाळयेसाठी?" ती म्हणाली. "बुधवारी बसतली म्हणता ना तो?"

"मगे बुधवारी लिवतलंय."

आई माझ्याकडे वळली. "तू सांग गो ह्यांका."

पण मी कशाला सांगते. आयुष्यभर कागदावर वाचलेला कामगार माझ्यासमोर मांडी घालून बसला होता. कॉलेजात आमचा सात-आठ जणांचा एक गट होता, आम्ही सायक्लोस्टाइल करून पत्रकं काढत असू आणि स्टेशनबाहेर वाटत असू. दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून मी एका बैठकीत मजकूर लिहून काढला. पहिली ओळ अशी होती: साकीनाक्याच्या प्रेसने एका कामगाराचा उजवा हात गिळला, मालक मात्र स्वस्थ. पुढे दीड पान तसंच. मला वाटतं तोवर मी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं होतं.

बुधवारी छपाईसाठी स्टेन्सिल कापायची होती. मंगळवारी संध्याकाळी बाबा आले, पाय आत ठेवून आय हॅव कम म्हणाले, आणि मी कागद त्यांच्या हातात दिला. ते खिडकीशी उजेडात उभं राहून वाचू लागले. पहिल्या ओळीवरच थांबले.

"कोणाचो हात?"

"म्हणजे?"

"कोणाचो हात गेलो? माका म्हायत नाय. आज माझ्यासमोर आठ माणसां सुटली, सोळा हात मोजून दितंय तुका."

"अजून गेला नाही, बाबा. पण जाईलच ना एक दिवस. जाळीच नाही म्हटल्यावर?"

बाबांनी कागदाची घडी केली. रागावले नव्हते. पत्रक खिशात घालताना करत तशी नीट घडी केली आणि मला परत दिली.

"मगे तू पण सोमवारीच आठवडो भरलंस," ते म्हणाले.

आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मी म्हटलं, हे वेगळं आहे, हे चांगल्यासाठी आहे. बाबा म्हणाले, "मॅनेजर पण तसाच म्हणता." मग थोड्या वेळाने, "तू बघलंस काय चार नंबर? सकाळी चल माझ्यावांगडा. बघ आणि मगे लिव काय ता."

बुधवारी सकाळी आम्ही टेकडी उतरून चालत गेलो. गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. मॅनेजर यायला वेळ होता. बाबांनी मला शटरपाशी उभं केलं, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि एक नंबरकडे गेले.

ते मी बघितलं. त्याबद्दल लिहायला बसले की माझी सगळी मोठी विशेषणं मला लहान वाटतात. प्रेस बंद होते. बाबांनी एक नंबरच्या जाळीवर तळवा ठेवला. नुसता ठेवला, जरा वेळ. मग बोटं जाळीत अडकवून स्वतःकडे ओढली, मग बाजूला, मग वर. प्रत्येक बोल्टला अंगठा लावला. पायाने क्लच दाबला, खाली वाकून कान जवळ नेला. तेलाच्या भोकात बोट घालून बाहेर काढलं, उजेडात बघितलं. घड्याळ बघितलं. मग रजिस्टराशी येऊन, ओठ हलवत, एकेक शब्द जुळवून ओळ लिहिली. पेन ठेवलं. दोन नंबर. पुन्हा पहिल्यापासून, तळवा, बोटं, अंगठा. कोणी बघत नव्हतं. कोणी विचारणार नव्हतं. आठ मशीनच्या आठ ओळींसाठी तो माणूस आठ वेळा जात होता आणि आठ वेळा परत येत होता. कागद आणि वस्तू यांच्यामध्ये जेवढं अंतर आहे, ते तो रोज सकाळी पायांनी चालून काढत होता.

त्याआधी मी मोर्चे बघितले होते. पोलिसांसमोर उभे राहिलेले लोक बघितले होते. इतकं काही बघितलं नव्हतं.

चार नंबरवरचे काका तेवढ्यात आले. रत्नागिरीकडचे, बाबांच्याच वयाचे. बाबांनी त्यांना सांगितलं, ही माझी मुलगी, तुमच्या मशीनवर पत्रक लिहितेय. काकांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले.

"दहा आहेत, मोजून घे," ते म्हणाले. "आणि जाळी लावा म्हणून लिहू नको हां बाय. जाळी लावली की माल निम्मा निघतो, शिव्या मला. तुझ्या बापाला सांगून थकलो, हे नको लिहू."

"मी लावा म्हणत नाही," बाबा म्हणाले. "नाही लावलेली, तेवढं लिहितो."

"तेच तर," काका म्हणाले. "लिहिलं की लावतील."

माझ्या दीड पानात हे काका नव्हतेच. जाळी नको म्हणणारा कामगार माझ्या पत्रकात बसतच नव्हता. बाबांच्या ओळीत तो बसत होता.

त्या दिवशी स्टेन्सिल कापली नाही. गटातली मुलं चिडली. "घाबरलीस ना?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "नाही रे. गेले होते बघायला." त्याला ते उत्तर वाटलं नाही.

बुधवारी दुपारी मॅनेजरने मिस्त्री बोलावून जाळी बसवली. गुरुवारी सकाळी बाबांनी ती ओढून बघितली आणि वेळ टाकून लिहिलं. इन्स्पेक्टर आला तेव्हा बाबा टेबलाच्या बाजूलाच उभे होते. त्याने रजिस्टर उघडलं. जुन्या इन्चार्जची पानं स्वच्छ होती, एका शाईची, एका तिरक्या अक्षराची. मग बाबांची पानं सुरू झाली. तेलाचे ठसे, वेगवेगळी शाई, कुठे खोडलेलं, मध्ये मध्ये वाकडं इंग्रजी, आणि नॉट फिटेड, नॉट फिटेड. तो माणूस मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे गेला. मग त्याने त्या मळक्या पानावर हात सपाट ठेवला, असं बाबा म्हणाले. चार नंबरपाशी जाऊन जाळी ओढून बघितली, शेऱ्याच्या जागी दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि गेला.

शनिवारी जाळी पुन्हा फळीवर होती. बाबांनी तसं लिहिलं.

महिना संपत आला तशी आई कमी बोलू लागली. देवापुढच्या दिव्यात तेल जास्त घालू लागली. मी बाबांना विचारलं, काढलं तर काय? ते म्हणाले, "काढल्यार सांगतंय." शेवटच्या दिवशी ते उशिरा आले नाहीत, लवकरही नाही. उंबऱ्यात दोन्ही पाय ठेवले आणि काहीच म्हणाले नाहीत. आई उभी राहिली.

"झाला?"

"नाय अजून."

मॅनेजरने पर्मनंटचा कागद टाईप करून समोर ठेवला होता. बाबांनी तो वाचला, सगळा, ओठ हलवत. खाली सहीची जागा रिकामी होती. मॅनेजर म्हणाला, शेट बाहेरगावी गेलेत, सही सोमवारी, घेऊन जा मामा, झालीच समजा. आणि बाबांनी तो कागद टेबलावर परत ठेवला. म्हणाले, झाल्यावर नेतो.

आईने त्यांचा खिसा चाचपून बघितला. "दिलेलो कागद परत केलात?" ती म्हणाली. "घरात आणलेलो असतो तर निदान बघलंय असतंय."

मला त्या रात्री पहिल्यांदा भीती वाटली, की जे बघून मी थक्क झाले होते तेच आम्हाला बुडवणार. तत्त्व दुसऱ्याच्या घरात असलं की त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं. आपल्या घरात ते असलं की आई भिंतीकडे तोंड करून निजते.

सोमवारी मी कॉलेजला गेले नाही. आई बाईंकडे गेली नाही. चार वाजता बाबा आले. चपला काढल्या, आत आले आणि खिशातून पत्रकासारखी घडी केलेला कागद काढला. मॅनेजर हसत होता म्हणे, सही केलेला कागद देताना. म्हणाला, "मामा, त्या इन्स्पेक्टरने शेरा मारलाय, रजिस्टर असंच ठेवा म्हणून. आता तुम्हाला काढलं तर पुढच्या वेळी तो विचारेल, ते मळकं रजिस्टर कुठे गेलं? अडकवलंत तुम्ही मला."

मी कागद मोठ्याने वाचला. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, मराठीही जेमतेम. तिने मला दोनदा वाचायला लावलं. मग कागद घेऊन उजेडाला गेली.

"सही खंय?"

बाबांनी दाखवली.

आईने पदराला हात पुसला, दोन्ही बाजूंनी. मग तळवा त्या सहीवर ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. हात अजून ओलसर असावा. तिने हात उचलला तेव्हा तळव्यावर निळी पुसट रेघ होती. ती तिने बाबांना दाखवली, मग मला दाखवली. रात्री भाकऱ्या थापेपर्यंत तिने तो हात धुतला नाही.